माफीची वसुली

‘माफी’ हा शब्द मराठी मुलखात घरापेक्षा सरकारी दप्तरात अधिक राबला आहे. सारामाफी, फीमाफी, कर्जमाफी हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी सहज येतात आणि त्यांचा अर्थ त्याला नीट कळतो. ज्याचे येणे आहे, त्याने ते सोडून द्यायचे. म्हणजे माफी देणारा धनको असतो आणि घेणारा ऋणको. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने दीड लाखापर्यंतचे पीककर्ज माफ करायचे ठरविले, तेव्हा शेतकऱ्याकडून ऑनलाइन अर्ज, आधार क्रमांक, बायकोचे नाव आणि अंगठ्याचा ठसा घेतला. याद्या झाल्या, याद्यांची छाननी झाली, छाननीतून हजारो नावे गळाली. सरकार धनको असते तेव्हा माफी अशी पारखून, मोजून आणि अटी घालून दिली जाते.

तेच सरकार ऋणको झाले म्हणजे काय घडते, ते परभणीच्या प्रकरणात दिसले. तेथे सरकार पक्षाच्या माणसाने एका आईकडे माफी मागितली नाही, तिने ती द्यावी अशी अपेक्षा केली. या दोहोंत फरक आहे. माफी मागणाऱ्याला आपण काय केले ते आधी सांगावे लागते. माफीची अपेक्षा करणाऱ्यावर तसले बंधन नसते.

घटनाक्रम थोडक्यात असा. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकाजवळ डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि त्यानंतर पोलिसांनी दलित वस्त्यांतून धरपकड केली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचे शिक्षण घेणारा, वडार समाजातील, ३५ वर्षांचा तरुण होता. वडार म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडून दुसऱ्यांची घरे उभी करणारी जमात. तिच्यातला एक मुलगा वकील होऊ पाहत होता. त्याला आधी पोलीस कोठडीत आणि मग न्यायालयीन कोठडीत ठेवण्यात आले. १५ डिसेंबरला तो मरण पावला. शवविच्छेदनाच्या अहवालात मृत्यूचे कारण ‘अनेक जखमांमुळे बसलेला धक्का’ असे नोंदविले गेले.

त्या आठवड्यात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात चालू होते. २० डिसेंबर रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात निवेदन केले. सूर्यवंशी यांना श्वसनाचा विकार होता आणि आपल्याला मारहाण झाली नसल्याचे त्यांनी न्यायदंडाधिकाऱ्यांना सांगितले होते, असा त्या निवेदनाचा आशय होता. न्यायालयीन चौकशीची घोषणा झाली आणि कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचेही जाहीर झाले. सरकारच्या म्हणण्याप्रमाणे माणूस आजाराने मेला असेल, तर दहा लाख कशाचे? आणि तो मारहाणीने मेला असेल, तर ते निवेदन कशाचे? या दोन प्रश्नांचे एकत्र उत्तर सभागृहात कोणी मागितले असते, तर बरे झाले असते. सोमनाथच्या आईने, विजयाबाई सूर्यवंशी यांनी, पैसे घेण्यास नकार दिला. सरकारच्या निवेदनाला त्या वेळी मिळालेले सर्वांत नेमके उत्तर ते होते.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात नुकसानभरपाईची व्याख्या सोपी आहे. ज्याच्या कृत्याने हानी झाली, त्याने हानीचे मोल चुकवावे. त्यामुळे पुढच्या वेळी तसे कृत्य करण्यापूर्वी तो विचार करील. आता कोठडीतल्या मृत्यूचे दहा लाख कोण देतो ते पाहावे. ज्याच्या हातात काठी होती, तो देत नाही. ज्याने काठी उगारण्याचा हुकूम दिला किंवा उगारलेली पाहून मान फिरविली, तोही देत नाही. ते पैसे राज्याच्या तिजोरीतून जातात आणि तिजोरी भरते ती जनतेच्या करांतून. मिरचीच्या पुडीवर, साबणाच्या वडीवर, एस.टी.च्या तिकिटावर सरकारला कर देणारी ती आईसुद्धा त्या तिजोरीची एक वर्गणीदार असते. म्हणजे तिच्या मुलाच्या मृत्यूची किंमत अंशतः तिच्याकडूनच वसूल करून तिला परत द्यायची. मारणाऱ्याचा खर्च शून्य. ज्या कृत्याचा कर्त्यावर खर्च पडत नाही, ते कृत्य वाढत जाते, हे सांगायला पदवीची गरज नाही.

दहा लाख नाकारले गेले, तेव्हा दुसरी मागणी आली. जानेवारी २०२५ मध्ये परभणीहून मुंबईकडे पायी मोर्चा निघाला. फेब्रुवारीत तो नाशिकपर्यंत पोचला असता भाजपचे आष्टीचे आमदार सुरेश धस मध्यस्थीसाठी तेथे गेले. पोलिसांना मन मोठे करून माफ करावे, अशा आशयाचे ते बोलले. टीका झाली, मग खुलासे झाले. हेच आमदार त्या दिवसांत मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुन्यांना कठोर शासन व्हावे म्हणून गावोगाव आवाज उठवीत होते, आणि ते योग्यच होते. देशमुखांचा खून ९ डिसेंबर २०२४ चा, सूर्यवंशींचा मृत्यू १५ डिसेंबरचा. मराठवाड्याच्या दोन शेजारच्या जिल्ह्यांतली, सहा दिवसांच्या अंतरातली ही दोन मरणे. एका मरणासाठी फाशीची भाषा आणि दुसऱ्या मरणासाठी मोठ्या मनाची, ही वाटणी कोणत्या मापाने झाली? एका ठिकाणी आरोपी खंडणीखोर गुंड होते आणि दुसऱ्या ठिकाणी संशय गणवेशावर होता, एवढेच सांगून हे माप पुरते उलगडत नाही. मरणाऱ्याची जात, त्याच्या मागे उभी राहू शकणारी मते आणि त्याच्या घरच्यांची ऐपत हेही त्या मापात असते.

विजयाबाईंनी माफी दिली नाही. त्या उच्च न्यायालयात गेल्या. अॅड. प्रकाश आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांकडे बोट दाखविल्याचे मार्च २०२५ मध्येच उघड झाले होते, तरी गुन्हा नोंदला गेला नव्हता. ४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. त्यावर राज्य सरकारने काय करावे? ते सर्वोच्च न्यायालयात गेले. शिक्षा झाली म्हणून नव्हे, खटला उभा राहिला म्हणूनही नव्हे. केवळ गुन्हा नोंदविण्याच्या आदेशाविरुद्ध एका आईच्या विरोधात सरकार दिल्लीला धावले. ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका फेटाळली. ज्यांच्यासाठी फेब्रुवारीत मोठे मन मागितले गेले, त्यांच्यावर साधा गुन्हाही नोंदला जाऊ नये म्हणून जुलैत सरकारी वकील उभे राहिले. फेब्रुवारीतल्या त्या शब्दांचे मोल किती होते, ते जुलैत कळले.

या सगळ्यात आईचा शब्द का हवा असतो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. माफी बापाकडे मागितली जात नाही, भावाकडे क्वचित. आपल्या समाजाने आईची एक मूर्ती घडविली आहे. पोटात घालणारी, गिळून टाकणारी, शेवटी ‘जाऊ द्या’ म्हणणारी. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ला या मूर्तीत बसविणारे लोक एक गोष्ट विसरतात. ती आई मुलाला क्षमा करते खरी, परंतु त्याआधी त्याच्या चुकीवर बोट ठेवते आणि ती त्याच्याकडून कबूल करवून घेते. नाथांची गोष्टही अशीच अर्धवट सांगितली जाते. गोदावरीवरून स्नान करून येणाऱ्या एकनाथांवर कोणी पुनःपुन्हा थुंकला आणि ते पुनःपुन्हा स्नानाला गेले, ही आख्यायिका. नाथांनी सोसले ते स्वतःच्या अंगावरचे. शेजाऱ्याच्या मुलावर कोणी काठी चालविली असती, तर नाथ त्या मुलाच्या वतीने क्षमा करून मोकळे झाले असते, असे कोणत्याही चरित्रकाराने लिहिलेले नाही. उन्हात तळमळणाऱ्या महाराच्या पोराला कडेवर घेणारा हा संत दुसऱ्याच्या दुःखावर परस्पर पाणी सोडणारा नव्हता.

क्षमा नावाची वस्तूच खोटी आहे, असे येथे म्हणायचे नाही. ती खरी असते आणि कधी कधी थक्क करणारी असते. २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स हा ऑस्ट्रेलियन मिशनरी व त्याची फिलिप आणि टिमथी ही दोन लहान मुले गाडीत झोपलेली असताना जमावाने जाळून मारली. धर्माच्या नावाने चाललेल्या राजकारणाचा तो बळी होता. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि त्या बारीपदा येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेत राहिल्या. परंतु त्यांच्या क्षमेला कोणी सरकारी चिठ्ठी जोडली नव्हती. तिच्यासाठी कोणी आमदार त्यांच्या दारात गेला नव्हता. खटला चालला, दारासिंगला शिक्षा झाली, फाशीची जन्मठेप झाली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेप कायम केली. आपली क्षमा आणि गुन्ह्याचे कायदेशीर परिणाम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, अशीच त्या माउलीची भूमिका होती. तिने आपल्या मनातला द्वेष सोडला. राज्याचे कर्तव्य सोडून देण्याचा अधिकार तिचा नव्हता आणि तिने तो घेतलाही नाही. ज्यांना ‘मोठे मन’ ही कल्पना आवडते, त्यांनी ही गोष्ट पुरती वाचावी.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरणही आपल्याकडे असेच अर्धे सांगितले जाते. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर तेथे सत्य व समेट आयोग बसला, आर्चबिशप टूटू अध्यक्ष झाले, सर्वांनी सर्वांना माफ केले, असा गोड सारांश व्याख्यानांतून ऐकू येतो. प्रत्यक्षात त्या आयोगाच्या कायद्यात माफीची किंमत ठरलेली होती. संपूर्ण सत्य सांगा, तरच माफी. १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलिसांच्या ताब्यात मरण पावलेला तरुण नेता स्टीव्ह बिको याच्या बाबतीत पोलिसांचे म्हणणे असे होते की, झटापटीत त्याचे डोके भिंतीवर आपटले. बिकोच्या घरच्यांनी माफीच्या त्या कायद्यालाच न्यायालयात आव्हान दिले. १९९६ मध्ये ते हरले, कायदा टिकला. परंतु बिकोच्या पोलिसांनी माफीसाठी अर्ज केला, तेव्हा १९९९ मध्ये समितीने तो नाकारला, कारण ते खरे बोलत नव्हते. परभणीत यातले काय घडले? कोणी पुढे येऊन ‘त्या रात्री मी हे केले’ असे सांगितले? सत्य न देता समेट मागणे म्हणजे माल न देता पैसे मागणे.

अर्जेंटिनात तर लष्करी राजवटीने नाहीशा केलेल्या मुलांच्या आया १९७७ पासून दर गुरुवारी पांढरा रुमाल डोक्याला बांधून ब्युनोस आयर्सच्या प्लाझा द मेयो चौकात फेऱ्या घालू लागल्या. लोकशाही आल्यावर १९८६ व १९८७ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांवरील खटले थांबविणारे कायदे झाले. देशाच्या ऐक्यासाठी विसरा, असे त्यांना सांगण्यात आले. त्या विसरल्या नाहीत. त्यांच्यातल्या एका गटाने सरकारी भरपाईही नाकारली. २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्दबातल ठरविले आणि म्हातारे झालेले सेनाधिकारी पुन्हा पिंजऱ्यात उभे राहिले. वीस वर्षे ‘हट्टी’ म्हणून हिणविल्या गेलेल्या त्या बायकांमुळे हे झाले.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. कुही तालुक्यातल्या माणसाला मोठे मन म्हणजे काय, ते चांगले ठाऊक आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली, तेव्हा मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे तो हजारो कोटींवर गेला. कंत्राटदाराने वाढीव दर मागितला तेव्हा त्याला कोणी मोठे मन दाखवायला सांगितले नाही. कुही, भिवापूर, पवनीकडच्या ज्या गावांची शेते आणि घरे पाण्याखाली गेली, त्यांना मात्र राष्ट्रहितासाठी त्याग करा, असे वर्षानुवर्षे ऐकविण्यात आले. मोबदल्यासाठी, पुनर्वसनासाठी त्यांना पुन्हा पुन्हा नागपूरच्या रस्त्यावर यावे लागले. म्हणजे औदार्याचा हा कर बसतो तो ठराविक घरांवरच. ज्यांच्याकडे देण्यासारखे कमी असते, त्यांच्याकडून तो जास्त घेतला जातो. अर्थशास्त्रात अशा कराला प्रतिगामी कर म्हणतात.

आणि नागपूरचा रस्ता म्हटल्यावर २३ नोव्हेंबर १९९४ आठवल्यावाचून राहत नाही. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दरवर्षी एक अधिवेशन मिळाले. सरकार आपल्या दारी येणार म्हणून लोक मोर्चे घेऊन येऊ लागले. त्या दिवशी गोवारी जमात अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी विधिमंडळावर आली होती. गुराख्यांची जमात, पुरुषांबरोबर बायका आणि लेकरेही आली होती. संध्याकाळपर्यंत कोणी मंत्री निवेदन घ्यायला आला नाही. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर पोलिसांनी लाठ्या चालविल्या, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ गोवारी मेले. मृतांत बहुसंख्य बायका व मुले होती. मुख्यमंत्री शरद पवार होते. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. न्या. दाणी आयोग बसला आणि त्याने घटना दुर्दैवी ठरवून कोणावर दोष ठेवला नाही. झिरो माईलजवळ स्मारक उभे राहिले, उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव मिळाले. ज्या मागणीसाठी ते आले होते, ती २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात मान्य झाली आणि १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात गमावली. त्या ११४ जणांच्या आयांना कोणी क्षमाही मागितली नाही. दोषी कोणी नव्हताच, मग माफी कोणाला करायची? दरवर्षी २३ नोव्हेंबरला गावोगावचे गोवारी त्या स्मारकावर येतात, फुले वाहतात आणि परत जातात. परभणीचे प्रकरण ज्या वाटेने नेले जात होते, ती वाट याच चौकातून जाते.

पोलीसही गरिबांचीच लेकरे आहेत, त्यांचे मनोधैर्य खच्ची होऊ नये, असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. त्यातला पहिला भाग खरा आहे. बारा-चौदा तास उभा राहणारा, सणावारी घरी न जाणारा, गळक्या क्वार्टरमध्ये राहणारा शिपाई शोषितच आहे आणि समाजवाद्यांनी त्याच्या संघटनेचा हक्क नेहमीच मागितला पाहिजे. परंतु त्याच्या हातून कोठडीत माणूस मेला, म्हणजे त्याला माफ करून त्याचे भले होते काय? भले होते ते वरच्याचे. शिपाई सुटला की त्याला हुकूम कोणी दिला, हा प्रश्नच उरत नाही. मनोधैर्याच्या नावाने वाचविली जाते ती वरपर्यंत जाणारी साखळी. आणि निरपराध माणसाला मारण्याची मुभा असल्याशिवाय ज्याचे धैर्य टिकत नाही, त्या खात्याच्या धैर्याची काळजी जनतेने का करावी?

१९८७ च्या डिसेंबरात ओरिसातील सुमन बेहेरा या २२ वर्षांच्या तरुणाला पोलिसांनी धरून नेले. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वे रुळांवर सापडले. तो पळाला आणि गाडीखाली आला, असे पोलिसांनी सांगितले. त्याच्या आईने, नीलाबती बेहेरा यांनी, १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. न्यायालयाने तेच याचिका मानले. १९९३ च्या निकालात दीड लाख रुपये भरपाई देताना राज्याला सार्वभौमत्वाच्या ढालीआड लपता येणार नाही, असे सांगितले आणि दोषींवरच्या कारवाईचा मार्गही मोकळा ठेवला. आज या देशात कोठडीतील मृत्यूबद्दल जो काही कायदा आहे, त्याचा मोठा भाग त्या एका पत्रातून आला आहे. नीलाबतींनी मन मोठे करून पत्र लिहायचे राहून दिले असते, तर विजयाबाईंना न्यायालयात उभे राहायला जागा थोडीच उरली असती.

२००५ च्या दुरुस्तीने कोठडीतल्या प्रत्येक मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करणे सक्तीचे झाले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद कायम आहे. चौकशीनंतर पुढे काय, याविषयी कायदा मोघम आहे, आणि या मोघमपणातच अहवाल मुरत पडतात. विधिमंडळाने हे कलम भरून काढायला सुचवावे: अहवालात दोष दिसला की ठराविक दिवसांत गुन्हा आपोआप नोंदला जावा, तपास त्याच जिल्ह्याच्या पोलिसांकडे नसावा, अहवालाची प्रत मृताच्या घरच्यांना मिळावी. परभणीचा अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवावा आणि २० डिसेंबर २०२४ चे निवेदन शवविच्छेदनाशी ताडून पाहावे. चूक असेल तर त्याच सभागृहात, त्याच नागपुरात ती दुरुस्त करावी. कुही ज्यात येते तो उमरेड मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तेथील मतदारांनी आपल्या आमदाराला हिवाळी अधिवेशनात हा प्रश्न विचारायला सांगायला हरकत नाही. सरकारने आधी ही कागदपत्रे मांडावीत, नावे सांगावीत, गुन्हा कबूल करावा. पुढे कोणाला काय द्यायचे आणि काय द्यायचे नाही, ते विजयाबाई ठरवतील.